रजस्वलेचें वस्त्र : शौच व स्वच्छता यांविषयीं जुन्या ग्रंथांची साक्ष

महाराष्ट्रांतील कोणत्याहि जुन्या भिक्षुकी घराण्याचें दप्तर सोडलें तर त्यांत ‘ऋतुशांति’ किंवा ‘रजोदर्शनशांति’ या नांवाची चारसहा पानांची पोथी बहुधा निघतेच. संग्राहक तिच्याकडे फारसें लक्ष देत नाहींत. तिच्यांत लढाई नाहीं, वंशावळ नाहीं, वतनाचा निवाडा नाहीं. सूचींत एक ओळ घालावी व पोथी पुन्हां बांधून ठेवावी, असाच सर्वत्र प्रघात आहे. प्रस्तुत टिपणांत आम्ही या उपेक्षित पोथ्यांच्या विषयाकडे, म्हणजे रजस्वलेच्या आचाराकडे, एका विशिष्ट प्रश्नापुरतें पाहणार आहों. प्रश्न असा कीं, या आचाराचा शरीराच्या स्वच्छतेशीं संबंध काय?

प्रश्न नवा नाहीं. त्याचें उत्तर देण्याची रीत मात्र विलक्षण आहे. एक पक्ष म्हणतो, विटाळाचे नियम पूर्वजांनीं आरोग्यासाठींच घातले, तीच त्या काळची स्वच्छता. दुसरा पक्ष म्हणतो, हें सारें स्त्रीला दूर लोटण्याचें साधन, त्यांत शरीराचा विचार मुळींच नाहीं. दोन्ही पक्ष मोठ्या निश्चयानें बोलतात, आणि दोघेहि बहुधा ग्रंथ उघडीत नाहींत. वाद केवळ पंडिती असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु गडचिरोलीच्या माडिया व गोंड गांवांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनीं वेगळ्या ‘कुर्मा घरां’त राहण्याची चाल एकविसाव्या शतकांतहि चालत आली, नेपाळांत ‘छाउपडी’च्या झोपड्यांत स्त्रिया दगावल्या, आणि २०१७ सालीं तेथें कायद्यानें ती चाल दंडनीय ठरवावी लागली. या चाली धर्मशास्त्राच्या पोथीवरून उतरल्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु स्त्रियांना दूर बसविण्याच्या समर्थनार्थ ‘जुनें शास्त्र’ पुढें केलें जातें, तेव्हां तें शास्त्र प्रत्यक्ष काय बोलतें हें पाहणें ज्यांच्या हातीं पोथ्या आहेत त्यांचें काम आहे.

कसोटी कोणती लावावी? जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त उपक्रमानें २०१२ सालीं पाळीच्या स्वच्छतेची जी व्याख्या केली ती साधी आहे. स्रावासाठीं स्वच्छ साधन असावें. तें आडोशाला, हवें तितक्या वेळां बदलतां यावें. अंग धुण्यास साबण व पाणी मिळावें. वापरलेल्याची विल्हेवाट लावण्याची सोय असावी. थोडक्यांत वस्त्र, आडोसा आणि पाणी. हे तीन शब्द मनांत धरून ग्रंथ चाळूं. महामहोपाध्याय काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडांत रजस्वलाधर्माचीं मुख्य वचनें एकत्र केलीं आहेत, तेव्हां सगळी यादी पुन्हां देण्याचें कारण नाहीं. आम्हांस हवा आहे तो त्या वचनांतील हेतु.

मूळ तैत्तिरीय संहितेंत, दुसऱ्या कांडाच्या पांचव्या प्रपाठकाच्या आरंभीं आहे. इंद्रानें त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप यास मारलें. त्या ब्रह्महत्येचा एक तृतीयांश पृथ्वीनें, एक वृक्षांनीं व एक स्त्रियांनीं वर मागून घेतला. स्त्रियांच्या वांट्याचा अंश तें रज झालें. कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पुढें जी निषेधांची माळ आहे ती मात्र बारकाईनें वाचावी. या दिवसांत स्त्री न्हाली तर तिचें मूल पाण्यांत मरतें. तेल लावलें तर मुलाची कातडी बिघडते. केंस विंचरले तर तें टकलें निपजतें. काजळ घातलें तर काणें. दांत घांसले तर काळ्या दांतांचें. नखें काढलीं तर वाईट नखांचें. सूत कातलें तर क्लीब. दोर वळला तर गळफांस लागणारें. पानांतून पाणी प्यालें तर वेडें. खुजा पात्रांतून प्यालें तर खुजें. म्हणून तीन रात्री व्रत पाळावें, ओंजळीनें किंवा अखर्व पात्रानें प्यावें, आणि तें प्रजेच्या रक्षणासाठीं, असा शेवट आहे.

हेतु येथें श्रुतीनेंच सांगून टाकला आहे. तो प्रजेचा आहे, स्त्रीच्या शरीराचा नव्हे. एकाहि निषेधाचें फळ तिच्या स्वतःच्या प्रकृतीवर दाखविलेलें नाहीं. आणि निषिद्ध काय? स्नान, दंतधावन, केंस विंचरणें, नखें काढणें. म्हणजे आज ज्यास आपण अंगाची स्वच्छता म्हणतों ती जवळजवळ सारी. नियम स्वच्छतेसाठीं घातले असें म्हणणाऱ्यांनीं या स्थळाचा विचार अवश्य करावा.

यानंतर वैद्यक. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत ऋतुमतीची चर्या आली आहे, आणि ती संहितेच्या वचनाशेजारीं ठेवून वाचली म्हणजे मोठी मौज वाटते. सुश्रुतहि दिवसाची झोंप, अंजन, रडणें, स्नान, उटणें, अभ्यंग, नखें काढणें, धांवणें, हंसणें, फार बोलणें वर्ज्य सांगतो आणि प्रत्येकाचें फळ मुलावर दाखवितो. अभ्यंगाचें फळ संहितेंत वाईट कातडी. येथें तेंच कुष्ठ झालें आहे. स्नानाचें फळ संहितेंत पाण्यांत मरण. येथें नुसता दुःखी स्वभाव. काळे दांत संहितेंत दांत घांसल्यानें होत, सुश्रुतांत ते हंसल्यानें होतात! फळ तेंच, कारण बदललें. रोग्यांस पाहून बनविलेली ही यादी नव्हे. पूर्वापार चालत आलेली यादी वैद्यानें आपल्या शास्त्राच्या सांच्यांत बसविली आहे. चरकाच्या शारीरस्थानांत आठव्या अध्यायांत तीन रात्री भुईवर निजणें, हातानें व न फुटलेल्या पात्रांतून जेवणें आणि कोणतेंहि अंगमार्जन न करणें, एवढेंच आहे. त्या ‘न फुटलेल्या’ पात्रांत संहितेंतील ‘अखर्व’ पात्राचा प्रतिध्वनि आम्हांस ऐकूं येतो. उलट पानाचा निषेध वैद्यांनीं सोडून दिला. सुश्रुत व वाग्भट दोघेहि पानावर जेवूं देतात.

न्यायानें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाग्भट या दिवसांत दुधांत शिजविलेलें जवांचें अन्न थोडें घ्यावें असें सांगतो व त्याचें कारण कोठा शुद्ध होतो असें देतो. धांवणें, श्रम टाळावे यांतहि विश्रांतीचा लाभ आहेच. तेव्हां शरीराचा विचार वैद्यांच्या मनांत मुळींच नव्हता, हें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि जसेंच्या तसें टिकत नाहीं.

तो विचार खरा कोठें आहे तें आतां सांगतों. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत तिसाव्या अध्यायांत वीस योनिव्यापदांचें वर्णन आहे. त्यांत ‘अचरणा’ या व्यापदाचें कारण सरळ शब्दांत दिलें आहे: न धुतल्यामुळें तेथें जंतु होतात व कंडू सुटते. एवढें स्पष्ट वचन संस्कृत वाङ्मयांत या विषयावर क्वचितच आढळेल. आणि तें त्याच ग्रंथांत आहे, ज्याच्या शारीरस्थानांत तीन रात्री अंगमार्जनास बंदी केली आहे. संहितांच्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांस हें कोडें वाटूं नये. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान दृढबलानें पुरे केले, आणि हा तिसावा अध्याय त्याच भागांतला. एका ग्रंथांत दोन हात आहेत. एक हात व्रत सांगतो, दुसरा रोगाकडे पाहतो. याच अध्यायांत योनिप्रक्षालनाचे काढे, तेलांत भिजविलेला कापसाचा पिचु, आणि तांदुळाच्या धुवणांत मधासह घ्यावयाचें पुष्यानुग चूर्ण आहे.

आतां वस्त्र. आमच्या प्रश्नाचा गाभा येथें आहे आणि ग्रंथ येथेंच सर्वांत मुके आहेत. परंतु शब्दांनीं साक्ष दिली आहे. तैत्तिरीय संहितेंत रजस्वलेस जो शब्द वापरला आहे तो ‘मलवद्वासस्’, म्हणजे जिचें वस्त्र मळलें आहे ती. बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणांत ‘मलोद्वासस्’ असा शब्द येतो. मळलेलें वस्त्र जिनें टाकलें आहे अशी स्त्री ही स्त्रियांमधील श्रीच होय, असें तेथें म्हटलें आहे. दोन शब्दांत एका उपसर्गाचा फरक, पण स्त्रीची अवस्था नेमकी वस्त्रावरून ओळखली आहे. त्याच ब्राह्मणांत पुढें तीन दिवस कांशाच्या पात्रांतून पिऊं नये असें सांगतांना ‘अहतवासाः’ हें पद येतें. अहत म्हणजे कोरें, न धुतलेलें. हें पद तीन दिवसांशीं लावावें कीं शेवटच्या स्नानाशीं? वाक्याच्या क्रमांत तें आधीं पडतें; शंकराचार्यांचें भाष्य तें दूरान्वयानें पुढील स्नानाशीं जोडतें. भाष्याप्रमाणें घेतलें तर कोरें वस्त्र मिळतें तें सर्व झाल्यावर. क्रमाप्रमाणें घेतलें तर त्याच दिवसांत. आम्हांस भाष्याचा अन्वय ओढाताणीचा वाटतो.

वस्त्राचा दुसरा पुरावा वैद्यांचा, आणि तो फार बोलका आहे. शुद्ध आर्तव कोणतें? सुश्रुत म्हणतो, सशाच्या रक्तासारखें किंवा लाखेच्या रसासारखें, आणि वस्त्राला डाग न ठेवणारें. वाग्भट हीच परीक्षा देतांना ‘धुतलें असतां रंग जातो’ अशा अर्थाचें पद घालतो. हा ‘धुतलें असतां’ फार मोलाचा आहे. ज्या तीन रात्रींत अंगास पाणी लावूं नये असें पोथी सांगते, त्याच रात्रींतील वस्त्र कोणीतरी धुतें आहे, डाग राहिला कीं गेला हें कोणीतरी पाहतें आहे, आणि वैद्यास सांगतें आहे. तें कोणीतरी म्हणजे अर्थातच ती स्त्री स्वतः, किंवा घरांतील वडील बायको. एवढी माहिती वैद्याच्या कानीं त्यांच्याखेरीज दुसरें कोण घालणार? दोन सूत्रांच्या मधल्या फटींतून व्यवहार दिसतो तो असा.

धर्मनिबंधांत वस्त्र दिसतें तें शकुनापुरतें. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु १६१२ सालचा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु शके १७१२ चा, म्हणजे १७९०-९१ चा. यांच्या प्रथमरजोदर्शनाच्या प्रकरणांत तिथि, वार, नक्षत्र यांचीं फळें देतांना नेसत्या वस्त्राचींहि फळें दिलीं आहेत: पांढरें शुभ, निळें अशुभ, याप्रमाणें. हींच कोष्टकें वर उल्लेखिलेल्या शांतीच्या पोथ्यांत उतरून घेतलेलीं आढळतात. पहिलें न्हाण हा आनंदाचाहि प्रसंग असे. मुलीस मखरांत बसवीत, ओटी भरीत. १८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत या समारंभांचीं वर्णनें आहेत. एकाच घटनेस मखर आणि कोपरा दोन्ही मिळावेत हें पाहून परक्यास आश्चर्य वाटेल. आपल्याकडे त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं.

धर्मसिंधूंत चवथ्या दिवशीं मृत्तिकेनें व पाण्यानें शौच, मग दंतधावन, मग स्नान असा क्रम आहे. म्हणजे स्वच्छता आहे, पण ती स्राव सरल्यावर. शौच आणि स्वच्छता या निराळ्या वस्तु आहेत हें ज्यास एका उदाहरणानें पटवून घ्यावयाचें असेल त्यानें ज्वरित रजस्वलेचा विधि पाहावा. उशनसाच्या नांवावर तो निबंधांत दिला जातो. चवथा दिवस आला, पण ताप असल्यामुळें तिला न्हातां येत नाहीं. तेव्हां दुसऱ्या स्त्रीनें तिला शिवून सचैल स्नान करावें. पुन्हां शिवावें, पुन्हां न्हावें. असें दहा किंवा बारा वेळां. शेवटीं रोगिणीचें वस्त्र बदलावें. ती शुद्ध झाली! पाण्याचा थेंब तिच्या अंगास लागला नाहीं. न्हाली ती दुसरीच. तापकरी बाईस थंड पाण्यांतून वांचविण्याचा कनवाळूपणा यांत आहे, आणि तो आम्हांस आवडतो. परंतु जी शुद्धि दुसरीच्या स्नानानें मिळते ती मळ धुण्याची शुद्धि नव्हे, हेंहि उघड आहे. याच निबंधांत पावसाळ्यांत, सूर्य कर्क व सिंह राशींस असतां, बहुतेक नद्या रजस्वला मानून त्यांत स्नान वर्ज्य केलें आहे. त्या दिवसांत पूर येऊन पाणी गढूळ असतें, तेव्हां नदीपुरता हा नियम आरोग्याशीं बरा जुळतो. बाईपुरता तसा जुळत नाहीं.

ऋषिपंचमीविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण हा आचार सामान्य घरांत पोहोंचला तो निबंधांतून नव्हे, या व्रताच्या कहाणींतून. विटाळ न पाळल्यामुळें बाई कुत्री झाली व तिच्या संसर्गदोषानें नवरा बैल झाला, ही कहाणी भाद्रपद शुद्ध पंचमीस घरोघर सांगितली गेली. व्रतांत बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं, आणि आघाड्याच्या काड्यांनीं दांत घांसून स्नान करावयाचें. आघाडाच कां, दंतधावनावर एवढा भर कां, याचें एक उत्तर आम्हांस सुचतें. तैत्तिरीय संहितेच्या निषेधांत स्नान व दंतधावन हीं दोन्ही आहेत. महिन्याच्या महिन्यास ज्या क्रिया अडवून धरल्या, त्याच क्रिया वर्षांतून एकदां मोजून, विधिपूर्वक, प्रायश्चित्त म्हणून करावयाच्या, असा हा जोड दिसतो. हा आमचा तर्क आहे. व्रतग्रंथांत तो असा मांडलेला नाहीं.

सर्व परंपरा एकाच सुरांत बोलत होती असें मात्र कोणी समजूं नये. वसिष्ठधर्मसूत्राच्या पांचव्या अध्यायांत रजस्वलेचे निषेध आहेत, आणि त्याच सूत्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत महिन्यामहिन्यास येणारें रज स्त्रियांचीं पापें धुऊन नेतें असें म्हटलें आहे. बौधायनांतहि तोच विचार आहे, आणि वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्त्रियांची प्रशंसा करतांना तो उचलला. मनूनें नदी वेगानें शुद्ध होते हें सांगतांच त्याच्या शेजारीं स्त्रीची रजानें होणारी शुद्धि ठेविली. म्हणजे जें रज विटाळ तेंच रज शोधक. भाष्यकारांनीं विषयविभाग करून वाट काढली. पण मूळ दोन विचार दोन ठिकाणचे असावेत, असें आम्हांस वाटतें.

मराठींत तर याहून धीट साक्ष आहे. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या लीळाचरित्रांत सर्वज्ञ चक्रधरांची भूमिका नमूद आहे ती अशी कीं, शरीराच्या द्वारांतून जसे इतर मळ वाहतात तसाच हा एक. त्याचा निराळा विटाळ धरण्याचें कारण नाहीं. शरीरव्यापाराकडे शरीरव्यापार म्हणून पाहण्याची ही दृष्टि दृढबलाच्या ‘न धुतल्यामुळें’ या शब्दांच्या फार जवळची आहे, मग दोघांचा एकमेकांशीं कांहींहि संबंध नसो. पुढें चोखोबांची बायको सोयराबाई हिनें विटाळ देहांतच उपजतो, विटाळावांचून देह कोणाचा, असा प्रश्न अभंगांतून केला. तिच्या बोलण्यांत जातीचा विटाळ व बाईचा विटाळ एकत्र येतात. दोन्ही सोसलेल्या बाईस ते वेगळे करण्याची गरज नव्हती.

तंजावरच्या मराठी राज्यांत अठराव्या शतकांत त्र्यंबकयज्वन् यानें स्त्रीधर्मपद्धति रचली. ज्यूलिया लेस्ली या विदुषीनें १९८९ सालीं तिचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत रजस्वलेवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण आमच्या प्रश्नास त्यांत नवें उत्तर नाहीं. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत आनंदीबाई जोशी यांनीं प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, तेव्हां या जुन्या वैद्यकाकडे एका वैद्यक शिकलेल्या मराठी स्त्रीची नजर प्रथम वळली. आनंदीबाई पुढच्याच वर्षीं वारल्या. त्यांच्या हातून या अंगाचें काम झालें असतें तर आज आम्हांस शब्दांच्या फटींतून डोकावावें लागलें नसतें.

कसोटीच्या तीन शब्दांपैकीं आडोसा पोथ्यांनीं मुबलक दिला, किंबहुना दुसरें कांहीं दिलेंच नाहीं. पाणी चवथ्या दिवसावर ढकललें. वस्त्राविषयीं विधि नाहीं. तो विधि बायकांनीं आपसांत चालविला: जुन्या मऊ लुगड्याचे धडपे फाडून घड्या करणें, त्या धुणें, वाळवून पुन्हां वापरणें. यांतील शेवटची पायरीच विटाळाच्या कल्पनेनें बिघडविली. उन्हांत चारचौघांसमोर वाळत घालण्याजोगें हें वस्त्र नव्हे असें ठरल्यामुळें तें अडगळींत, दुसऱ्या कपड्याखालीं, ओलसर कोपऱ्यांत वाळूं लागलें. आणि ओल्या, उन्ह न लागलेल्या कापडानें कंडू व रोग होतात हें कोणतीहि सुईण सांगेल. कापूस व पाणी यांचा तुटवडा सर्वत्र सारखा नव्हता. उन्हाचा तर आपल्या देशांत कधींच नव्हता.

या व्यवहाराचे कागद अगदींच नाहींत असें मानूं नये. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत ‘विटाळशी’ व ‘धुपणी’ हे शब्द नोंदविले तसे ते बोलणाऱ्यांच्या तोंडून आले. घरगुती औषधांचीं बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस धुपणी, प्रदर, अंगावरून जाणें यांवरील तोडगे पानोपानीं भेटले असतील; त्यांच्या समासांत एखादे वेळीं ‘हें आजीचें’ किंवा ‘गुण आला’ अशी ओळ असते. परटाच्या बलुत्याच्या तंट्यांचे निवाडे ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं कोणतें कापड परटानें धुवावें व कोणतें धुऊं नये असा कांहीं निर्देश त्यांत आहे काय, हें पाहावें. ऋतुशांतीच्या पोथ्यांचीं कोरीं पृष्ठेंहि तपासावीं. भिक्षुक जमाखर्च तेथेंच लिहीत. अशी ओळ आढळल्यास मूळ पोथी पाठविण्याची गरज नाहीं. पानाचा अंक, लेखनकाल असल्यास तो, आणि ती ओळ आहे तशी, ह्रस्वदीर्घ न सुधारतां, उतरून पाठवावी.